उद्याची माणसे आज कशी मोजतात?

माणसे मोजण्याच्या कामाला जनगणना म्हणतात. आपल्या देशात १८८१ पासून २०११ पर्यंत ती दर दहा वर्षांनी झाली. आजच्या भारताच्या हद्दीत १९०१ साली सुमारे २४ कोटी लोक होते. १९५१ साली ते ३६ कोटी झाले आणि २०११ साली १२१ कोटी! मध्ये एकदाच, १९११ ते १९२१ या दहा वर्षांत, आकडा थोडा खाली आला. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली होती. तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत.

पण पुढे किती माणसे होतील, हे कसे सांगतात? ते काही पंचांगात नसते. मला हा हिशेब शाळेच्या पटावरून समजला. यंदा पहिलीत असलेली मुले पुढच्या वर्षी दुसरीत जातात. गाव सोडून गेलेल्यांची नावे कमी होतात, नवीन आलेल्यांची वाढतात. आणि पहिलीत किती येणार? अंगणवाडीत डोकावून बघा, ती मुले तिथे आत्ताच बसली आहेत!

लोकसंख्येचे अभ्यासक असेच करतात. ते पाच-पाच वर्षांच्या वयाचे गट पाडतात. दर पाच वर्षांनी प्रत्येक गट एक पायरी वर चढतो. मेलेले वजा, जन्मलेले अधिक. गेलेले वजा, आलेले अधिक. पुढे जन्म किती होतील ते नक्की सांगता येत नाही. म्हणून जास्त, मध्यम आणि कमी असे तीन अंदाज करतात.

आता गंमत बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका बाईमागे सरासरी दोनच मुले आढळली. तरी लोकसंख्या वाढतेच आहे. कारण मागे जन्मलेली पुष्कळ मुले आता आईबाप होत आहेत. दर घरात मुले कमी, पण घरेच जास्त! संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे २०६० नंतर थोड्याच वर्षांत आपण सुमारे १७० कोटी होऊ. मग आकडा हळूहळू उतरेल.

हा सगळा हिशेब नोंदीवर चालतो. ज्या बाळाची नोंदच नाही, त्याच्यासाठी लस कोण मागवणार आणि वर्गखोली कोण बांधणार? शाळेला शिक्षक किती, तेही पटावरच ठरते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, घरात बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा.

– इयत्ता सातवी