तेरवीनंतरचा चौदावा दिवस

ग्रुपवर मेसेज येतो, 'अमक्याचे वडील गेले.' पाच मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. दोन-चार जण मातीला जाऊन येतात. तेरवी उरकते. चौदाव्या दिवशी तो मित्र हिवरखेडहून नेहमीच्या एसटीनं कॉलेजला येतो, आणि काय बोलावं ते कळत नाही म्हणून आपण बाजूनं निघून जातो. त्याला माणसांची खरी गरज लागते ती इथून पुढे.

पहिल्या तेरा दिवसांची सोय आपल्या वऱ्हाडात चांगली आहे. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, सोयरे-शेजारी कडू घास आणतात. बाया बसायला येतात. कुठं हरिपाठ होतो, बौद्ध घरी पुण्यानुमोदनाला माणसं जमतात, मुस्लिम घरी शेजारपाजारातून जेवण जातं. श्रद्धा वेगवेगळ्या, पण सांगणं एकच: दुःखातल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. पाहुणे परतले की मात्र घर रिकामं होतं.

'रडू नको' कशाला?

'देवाची मर्जी', 'रडू नको, आता तूच घरचा कर्ता', ही वाक्यं आपण चांगल्या मनानंच बोलतो. पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला रडायचीही मुभा नाही.

अशा वेळी गाडगेबाबांचा दाखला हमखास दिला जातो. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे बाबा १९२३ मध्ये कोकणात कीर्तन करत होते. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी तिथंच आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. पण ते धैर्य बाबांनी स्वतःसाठी वापरलं. दुसऱ्यांचं दुःख पाहिलं तेव्हा त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, भुकेल्यांना जेवू घातलं. श्रद्धा स्वतःला सावरायला असते. समोरच्याला द्यायची ती करुणा, आणि शक्यतो कामातून.

दुःखाचं वेळापत्रक नसतं

शोकाच्या पाच पायऱ्या तुम्ही रील्समध्ये पाहिल्या असतील. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मुळात मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. त्यामुळं मित्र आज हसला आणि उद्या गप्प बसला, तर त्याचं काही चुकत नाही. पहिला पोळा, पहिली अखाजी, पहिला निकाल, या दिवशी दुःख पुन्हा वर येतं. त्या तारखा लक्षात ठेवा.

शेतकरी आत्महत्येच्या घरचं दुःख आणखी अवघड. तिथं येणारा-जाणारा विचारतो, 'कर्ज किती होतं?' सरकारी मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हेही ठरायचं असतं. बापाच्या मरणाची अशी छाननी चालू असताना पोरानं कॉलेजात काय सांगावं? त्याला कारण विचारूच नका. वडिलांचं नाव घ्या, त्यांची एखादी आठवण असेल तर सांगा. बहुतेकांना ते ऐकायचं असतं. नको असेल तर विषय सोडून द्या.

एवढं तर जमतं

'काही लागलं तर सांग' असं म्हणू नका, तो सांगणार नाही. 'तुझ्या नोट्स काढून ठेवल्या, संध्याकाळी आणतो' असं म्हणा. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख त्याला कळवा. हजेरीसाठी सरांकडे त्याच्यासोबत जा. तहसीलला कागदं द्यायची असतील तर गाडी काढा. त्याच्या आईला 'काकू, जेवल्या का?' एवढं विचारा. तो देवाचं नाव घेत असेल तर शेजारी बसा. देवावर रागावला असेल तर वाद घालू नका बाप्पा, ऐकून घ्या.

महिनोन्‌महिने झोप-जेवण सुटलं, कॉलेज सुटलं किंवा 'मलाही जगायचं नाही' असं तो बोलला, तर ते गुपित ठेवू नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोन लावताना तुम्ही शेजारी असा.

उद्या असा कुणी मित्र एसटीतून उतरला, तर शब्द शोधत बसू नका. 'चल, चहा घेऊ' म्हणा. पुढचं तो बोलेल, किंवा नाही बोलणार. तरी परवा पुन्हा म्हणा.