माशांच्या पिल्लांचा पहिला घास

काचेच्या टाकीतल्या माशांनी अंडी घातली की घरात सगळ्यांना आनंद होतो. पण खरी काळजी त्यानंतरच सुरू होते. मोठे मासे दुकानातले कोरडे दाणे खातात. पिल्लांना ते चालत नाहीत. त्यांचे तोंड टाचणीच्या टोकाएवढे, आणि जे हलते तेच खाणे, एवढेच त्यांना कळते. तळाशी पडलेल्या भुकटीकडे ती ढुंकूनही पाहात नाहीत.

मागच्या वर्षी आमच्या दादाने एंजल माशाच्या पिल्लांना उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक पाण्यात कालवून दिला. बलक कुजला, पाण्याला वास सुटला आणि चार दिवसांत एकही पिल्लू उरले नाही. आजी म्हणाली, "दृष्ट लागली बघ." पण दृष्ट-बिष्ट काही नाही. निम्मी भुकेने गेली, निम्मी घाण पाण्याने.

यंदा आम्ही जिवंत खाणे दिले. त्याचे नाव आर्टेमिया. दुकानदार त्याला ब्राइन श्रिम्प म्हणतात. हा कोळंबीचा लांबचा नातलग. पूर्ण वाढला तरी जेमतेम एक सेंटीमीटर भरतो, आणि पोहतो चक्क उताणा! तो राहातो खाऱ्या तळ्यांत आणि मिठागरांत, कारण इतक्या खारट पाण्यात त्याला खाणारे मासे टिकत नाहीत. आपल्या मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद आहे. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरातून तर त्याची अंडी गोळा करून जगभर पाठवतात.

अंड्यांची गोष्ट मोठी नवलाची आहे. दिवस चांगले असले की मादी सरळ जिवंत पिल्लेच देते. पाणी आटून फार खारट होऊ लागले की मात्र ती टणक कवचाची अंडी घालते. आतला जीव झोपी जातो. कोरडी ठेवली तर ही अंडी कित्येक वर्षे टिकतात. १९७२ साली अपोलो १६ या यानातून ती चंद्राकडे जाऊन परत आली, तरी त्यांतल्या काहींतून पिल्ले निघाली! दिसायला म्हणाल तर नाचणीच्या पिठासारखी तपकिरी भुकटी.

आता आम्ही ती कशी फोडली ते सांगतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचा बूड कापून ती बूच लावून उलटी टांगली. तिच्यात एक लिटर पाणी आणि २५ ते ३० ग्रॅम मीठ घातले. मीठ अंदाजाने घालू नये. आम्ही किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून आणले. त्यात पाव चमचा अंडी टाकून हवेच्या पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडली. बुडबुडे अखंड चालू हवेत, नाहीतर अंडी तळाशी बसून गुदमरतात. वीज गेली की आम्ही पाळीपाळीने चमच्याने ढवळत बसायचो. बाबा चाकणला कंपनीत जातात. पहिल्या पाळीला निघताना पहाटे नळी बघून जायचे काम त्यांचे. पाणी २८ अंशांच्या आसपास असले तर साधारण एका दिवसात पिल्ले निघतात. थंडीत आपल्या मोशीत रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा दीड-दोन दिवस लागतात. म्हणून बाटलीशेजारी बल्ब लावून ठेवला.

पिल्ले निघाली की पंप बंद करून दहा मिनिटे थांबायचे. रिकामी कवचे वर तरंगतात. न फुटलेली अंडी तळाशी बसतात. आर्टेमियाची पिल्ले उजेडाकडे धावतात, म्हणून बाटलीच्या एका बाजूला विजेरी धरली की तिथे नारिंगी ढग जमतो. तेवढाच ढग बारीक नळीने ओढून दुहेरी सुती कापडावर गाळायचा आणि गोड्या पाण्याने धुवायचा. कवचे टाकीत जाऊ देऊ नयेत, ती माशाच्या पिल्लांच्या पोटात अडकतात. उरलेले खारे पाणी मोरीत ओता. कुंडीत ओताल तर तुळस जळेल आणि आईची बोलणी खावी लागतील.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. एंजलची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पुढचे चार-पाच दिवस पिल्ले पानाला चिकटून नुसती वळवळतात आणि पोटाच्या पिशवीतल्या शिदोरीवर जगतात. शिदोरी संपली की ती पोहू लागतात, आणि त्याच दिवशी घास तयार पाहिजे. म्हणून ती वळवळू लागल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही पहिली बाटली लावली, चौथ्या दिवशी दुसरी. आर्टेमियाच्या पिल्लाजवळही अशीच शिदोरी असते. ती संपायच्या आत ते माशाच्या पोटात गेले तर त्यात कस असतो. शिळे झाले की कस उतरतो. गोड्या पाण्यात ते काही तासच जगते आणि मग कुजते. तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडेच द्यावे.

पिल्लांनी खाल्ले की नाही हे विचारावे लागत नाही. त्यांचे अंग काचेसारखे आरपार, त्यामुळे भरलेले पोट नारिंगी ठिपक्यासारखे दिसते. पहिल्या संध्याकाळी भिंगातून पाहिले तर जवळजवळ सगळ्यांची पोटे नारिंगी होती. आजीने पण भिंग मागून घेतले.

आता तीन आठवडे झाले. एकशे बारा पिल्ले आहेत. कोरडे दाणे बारीक कुटून थोडे थोडे द्यायला सुरुवात केली आहे. इतकी पिल्ले आमच्या टाकीत मावणार नाहीत. ती इंद्रायणीत सोडायची नाहीत, कारण हा मासा आपल्या नदीचा नव्हे, दक्षिण अमेरिकेतला आहे. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी मधल्या सुट्टीत मला भेटावे.