‘फ्रेंडशिप’मधील दोघी

रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर या भागातील शाळांच्या मैदानांवरून लोहगावच्या विमानतळावर ये-जा करणारी विमाने सहज दिसतात. मुले वर पाहतात आणि नाना प्रश्न विचारतात. एखादी मुलगी म्हणते, ‘मला वैमानिक व्हायचंय,’ आणि तिला गप्प करायला कोणीतरी मोठे माणूस विचारते, ‘एवढे धूड वळवायला बाईच्या मनगटात जोर असतो का?’ हा प्रश्न वरवर समाजाचा वाटतो. पण त्याचे उत्तर विज्ञानाच्या तासाला देता येते. त्यासाठी आपण एका उड्डाणाची माहिती घेऊ.

नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे एक प्रवासी विमान कलकत्त्याहून आसाममधील सिल्चरला गेले. कप्तान होत्या सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. सर्व कर्मचारी महिलाच असलेले हे आपल्या देशातील पहिले प्रवासी उड्डाण मानले जाते. विमान होते फोकर एफ-२७ जातीचे. उत्पादकांनी या विमानाला नाव दिले होते ‘फ्रेंडशिप’, म्हणजे मैत्री!

या दोघींपूर्वीही स्त्रियांनी विमाने चालवली होती. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये लाहोरला साडी नेसून एकटीने विमान उडवले. प्रेम माथूर यांना १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळाला. अनेक नकारांनंतर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना नोकरी दिली. त्याही आधी, १९११ मध्ये, अमेरिकेत हॅरिएट क्विम्बी आणि मटिल्डा मॉयझंट या मैत्रिणी एकाच शाळेत उड्डाण शिकल्या आणि त्या देशातील पहिल्या दोन परवानाधारक महिला ठरल्या. पण त्या जमिनीवरच्या मैत्रिणी. आकाशात जो तो एकटाच असे. क्विम्बी १९१२ मध्ये विमानातून फेकली जाऊन मरण पावली. दोन वैमानिकांनी शेजारी बसून विमान सांभाळायचे, ही पद्धत पुढे रुळली.

जोर कोणाचा?

विमान वळवण्यासाठी पंखांच्या व शेपटीच्या मागील कडांना बिजागरीवर फिरणारे भाग बसवलेले असतात. ते हलवले की हवेचा प्रवाह वळतो आणि विमानाची दिशा बदलते. हे भाग हलवताना हवेचा विरोध सोसावा लागतो. भाग जितका मोठा, तितका विरोध जास्त. आणि वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. मोठ्या विमानात हा विरोध केवळ मनगटाच्या बळावर मोडायचा म्हटला, तर पहिलवानही थकेल.

एफ-२७मध्ये वैमानिकाच्या हातातील चक्र आणि पायांतील पेडल यांत्रिक जोडणीने थेट या भागांपर्यंत पोचत; तेलाच्या दाबाची मदत नव्हती. अशा विमानांत एक युक्ती वापरतात. फिरत्या भागाच्या अगदी मागच्या कडेला आणखी एक छोटी पट्टी बसवतात. तिला ‘टॅब’ म्हणतात. ही पट्टी डावीकडे वळली की हवा तिला उजवीकडे ढकलते, आणि तिच्याबरोबर मोठा भागही उजवीकडे फिरतो. पट्टी लहान, पण बिजागरीपासून सर्वांत दूर. म्हणजे तरफेची भुजा लांब. दाराला कडीजवळ ढकलले तर ते बोटाने उघडते, बिजागरीजवळ ढकलले तर खांदा लावावा लागतो, तेच हे तत्त्व. मुख्य काम वैमानिकाचा हात करत नाही. समोरून येणारी हवाच ते करते.

हे वर्गात दाखवता येईल. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची एक आखूड कड शीतपेयाच्या नळीला चिकटवा. नळीतून विणकामाची सुई घाला, आणि नळी खाली घसरू नये म्हणून सुईला रबरबँड गुंडाळा. सुई उभी धरून टेबलपंख्यासमोर नेली की कागद झेंड्यासारखा वाऱ्यात सरळ राहतो. आता कागदाच्या मोकळ्या कडेची दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी थोडी डावीकडे वाकवा. कागद उजवीकडे जाऊन स्थिरावेल. पट्टीची रुंदी आणि कोन बदलून निरीक्षणे नोंदवायला सांगा.

पुढे सौदामिनी देशमुख बोइंग ७३७च्या आणि नंतर एअरबस ए-३२०च्याही कप्तान झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. बोइंग ७३७मध्ये तेलाच्या दाबाने हे भाग फिरतात. ए-३२०मध्ये वैमानिकाच्या हाती फक्त एक छोटी दांडी असते. तिची हालचाल संगणकाला कळते आणि पुढचे यंत्रे करतात. एका वैमानिकेच्या कारकिर्दीतच मनगटाचा प्रश्न असा पार निकालात निघाला.

मग दोघी कशासाठी?

जोराचा प्रश्न संपला तरी दुसऱ्या माणसाची गरज संपत नाही. एक वैमानिक विमान चालवतो. दुसरा उपकरणांवर लक्ष ठेवतो, तपासणी यादी वाचतो, नियंत्रण कक्षाशी बोलतो. त्याचे सर्वांत अवघड काम म्हणजे वरिष्ठ चुकत असेल तर ते वेळेवर सांगणे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे दगावली. समोरची धावपट्टी मोकळी झाली का, अशी शंका एका अभियंत्याने विमानातच काढली होती; कप्तानाने ती बाजूला सारली. १९७९ मध्ये अमेरिकेतील नासा संस्थेने या विषयावर कार्यशाळा घेतली. तेव्हापासून कनिष्ठाने बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, याचे वैमानिकांना रीतसर शिक्षण देण्यास सुरुवात झाली.

सप्टेंबर १९८९ मध्ये देशमुख आणि भसीन हीच जोडी पुन्हा शेजारी बसली. या वेळी बोइंग ७३७ या जेट विमानात. १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, निवेदिता भसीन मुंबई–औरंगाबाद–उदयपूर विमानाच्या कप्तान झाल्या. शेजारी बसून लक्ष ठेवणारी आता स्वतः निर्णय घेणारी झाली. आकाशातील मैत्री ती हीच: एकमेकींची चूक बोलून दाखवण्याची मुभा, आणि एकीने दुसरीला पुढच्या जागेसाठी तयार करणे.

आज भारतात दर शंभर वैमानिकांपैकी सुमारे पंधरा महिला आहेत. हे प्रमाण जगाच्या सरासरीहून बरेच जास्त आहे. तरी पंधरा म्हणजे निम्म्या नव्हेत. शिक्षक मित्रांनो, वरचा प्रयोग कराल तेव्हा सुई एका मुलीच्या हाती द्या, आणि पट्टी वाकवल्यावर कागद कोणत्या बाजूला जाईल, हे तिच्या शेजारणीला आधी सांगायला लावा. तिचे उत्तर चुकले तर का चुकले, हे दोघींनी मिळून शोधू द्या.