शोधनिबंधाची वही कोण तपासतो?

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे चार शब्द हल्ली फार स्वस्त झाले आहेत. सांधेदुखीच्या तेलाच्या वेष्टनावर ते असतात, मधुमेहावरील चूर्णाच्या पत्रकावर असतात, आणि सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत तर असतातच. त्यांच्यापुढे एखाद्या परदेशी वैद्यकीय नियतकालिकाचे नाव जोडलेले असले, की चांगला शिकलेला मनुष्यही पुढचा प्रश्न विचारीत नाही. वास्तविक तो प्रश्न विचारण्याची सवय आपल्या व्यापारी घरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. ‘वहीत लिहिले आहे हे ठीक, माल कोठे आहे?’ शास्त्रीय संशोधनाच्या जगात हा प्रश्न कोण विचारतो, आणि तो वेळेवर विचारला गेला नाही तर काय होते, हे २०२० च्या मे-जून महिन्यांत साऱ्या जगाने पाहिले. करोनाच्या धामधुमीत ते प्रकरण आपल्याकडे पुरेसे चर्चिले गेले नाही, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने सांगतो.

प्रथम रीत समजून घेऊ. शास्त्रज्ञ आपले काम निबंधरूपाने लिहून नियतकालिकाकडे पाठवितो. संपादक तो निबंध त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे अभिप्रायासाठी धाडतात. या जाणकारांना परीक्षक म्हणतात. त्यांना बहुधा मोबदला मिळत नाही. आपले शिकविणे, रुग्ण, प्रयोगशाळा सांभाळून ते हे काम करतात. त्यांच्या शंकांचे निरसन झाले की निबंध छापला जातो. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक १६६५ साली निघाले, तेव्हापासून शास्त्रीय प्रकाशनाची परंपरा चालत आली आहे. परंतु बाहेरच्या परीक्षकांची सक्ती त्या मानाने अलीकडची आहे. ‘नेचर’सारख्या नामांकित नियतकालिकानेही ती १९७३ साली कायम केली.

येथे एक गोष्ट सामान्य वाचकाच्या ध्यानात येत नाही. परीक्षक निबंध वाचतो. निबंधामागच्या मूळ नोंदी तो सहसा पाहत नाही. गणित जुळते का, पद्धत योग्य आहे का, आकड्यांतून काढलेला निष्कर्ष खरोखर निघतो का, हे तो तपासतो. आकडे ज्या रुग्णांचे म्हणून दिले आहेत ते रुग्ण आहेत की नाहीत, हे तो गृहीत धरतो.

ज्यांच्या पेढीचे कॅश क्रेडिट खाते आहे त्यांना हा फरक निराळा समजावून सांगावा लागणार नाही. मालाच्या नजरगहाणावर बँक उचल देते. दरमहा स्टॉक स्टेटमेंट येते. त्यातील बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, भाव बाजारभावाशी जुळतात, मार्जिन नीट सोडले आहे, हे टेबलावर बसून पाहता येते. तथापि पोती गोदामात आहेत की नाहीत हे त्या कागदावरून कधीच कळत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याला गोदामात जाऊन थप्पी मोजावी लागते, आणि तो चतुर असेल तर मागच्या रांगेतील एखादे पोते उघडून पाहतो. बँकेत नव्याने आलेल्या मुलांना आम्ही हे पहिल्याच महिन्यात सांगत असू. परीक्षकाचे काम हे टेबलावरचे काम आहे. गोदामात जाण्याची व्यवस्था त्या रचनेत मुळातच नव्हती.

आता प्रत्यक्ष घटना. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध हिवतापावर, संधिवातावर आणि ल्युपस या व्याधीवर कित्येक वर्षे वापरात आहे. करोनावर ते चालेल अशी आशा २०२० च्या आरंभी उत्पन्न झाली. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्चमध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधक म्हणून घेण्याची सूचना केली. भारत या औषधाचा मोठा उत्पादक असल्याने आपण आधी निर्यात रोखली आणि एप्रिलमध्ये ती अंशतः खुली केली. त्या काळात औषधांच्या घाऊक बाजारात असलेल्या मंडळींना ती ओढाताण आठवत असेल. संधिवाताच्या जुन्या रुग्णांना त्यांच्या नित्याच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या.

अशा वेळी २२ मे रोजी ‘द लॅन्सेट’ने एक निबंध प्रसिद्ध केला. लॅन्सेट म्हणजे १८२३ पासून चालू असलेले, वैद्यकातील अग्रगण्य साप्ताहिक. निबंधात सहा खंडांतील ६७१ रुग्णालयांमधील ९६,०३२ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्याचे म्हटले होते. हे औषध अथवा त्याचे भावंड क्लोरोक्विन न घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ९.३ टक्के, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्यांत १८ टक्के, असे त्यात दाखविले होते. रुग्णांचे वय, इतर आजार इत्यादी भेद हिशेबात धरूनही औषध घातक ठरते, असा निष्कर्ष होता. पहिला लेखक बोस्टनमधील हार्वर्डशी संलग्न रुग्णालयातील ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ. सर्व नोंदी पुरविल्या होत्या अमेरिकेतील सर्जिस्फिअर नावाच्या एका खासगी कंपनीने. या कंपनीचे प्रमुख सपन देसाई हेही निबंधाच्या चार लेखकांपैकी एक होते.

परिणाम तत्काळ झाला. २५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीतील या औषधाचा भाग स्थगित केल्याचे जाहीर केले. फ्रान्सने २७ मे रोजी करोना रुग्णांसाठी ते वापरण्याची अनुमती काढून घेतली. हजारो माणसे रोज मृत्युमुखी पडत असताना कोणते औषध उपयोगी आणि कोणते नाही हे ठरविणाऱ्या चाचण्याच थांबू लागल्या. एका छापील कागदाने हे केले.

शंका घेणारेही लगेच पुढे आले. २८ मे रोजी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी लेखकांना व लॅन्सेटच्या संपादकांना उघड पत्र लिहिले. त्या पत्रातील आक्षेप वाचताना मला एखाद्या कसलेल्या अंतर्गत हिशेबतपासनिसाची टिपणे वाचल्यासारखे वाटले. रुग्णालयांची नावे का नाहीत? देशवार आकडे का नाहीत? आफ्रिका खंडातील सर्व करोना रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण याच कंपनीशी जोडलेल्या, संगणकीकृत नोंदी ठेवणाऱ्या रुग्णालयांत कसे? आणि वेगवेगळ्या खंडांतील रुग्णांत लठ्ठपणा, धूम्रपान, इतर आजार यांचे प्रमाण इतके सारखे कसे? कोल्हापूरच्या आणि कोलकात्याच्या दुकानाचा रोजमेळ ओळीओळीने सारखा निघाला, तर कोणताही मुनीम चष्मा पुसून पुन्हा पाहील.

सर्वांत साधी चूक ऑस्ट्रेलियाची होती. तेथील पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू झाल्याचे कंपनीच्या नोंदी सांगत होत्या. ‘गार्डियन’ वृत्तपत्राने दाखवून दिले की त्या तारखेपर्यंत संपूर्ण ऑस्ट्रेलियात करोनाचे मृत्यू ६७ होते. देशाच्या एकूण मृत्यूंपेक्षा पाच रुग्णालयांतले मृत्यू अधिक! आशियातील एक रुग्णालय चुकून त्या गटात गेले, असा खुलासा कंपनीने केला आणि लॅन्सेटने दुरुस्तीही छापली. पण एकदा बेरीज फसली की उरलेल्या पानांवरचा विश्वास उडतो.

मग कंपनीबाहेरच्या तीन लेखकांनी तटस्थ तपासणीची मागणी केली. तपासनिसांना पूर्ण मूळ नोंदी, रुग्णालयांशी झालेले करार आणि लेखापरीक्षणाचा अहवाल हवा होता. ग्राहकांशी गोपनीयतेचे करार आहेत, या सबबीवर कंपनीने ते देण्यास नकार दिला. ४ जून रोजी त्या तिघांनी निबंध मागे घेतला. त्याच दिवशी अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला, याच कंपनीच्या नोंदींवर बेतलेला दुसरा निबंधही मागे घेण्यात आला. आयव्हरमेक्टिन या औषधाचा लाभ दाखविणारा, अद्याप परीक्षण न झालेला एक तिसरा मसुदाही याच नोंदींवर आधारलेला होता. पेरू देशातील उपचारधोरणावर त्याचा प्रभाव पडला होता. तो पुढे गाजावाजा न होता संकेतस्थळावरून नाहीसा झाला.

गंमत अशी, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, की औषध खरोखरच निरुपयोगी निघाले. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ‘रिकव्हरी’ ही चाचणी चालू होती. तिच्यात कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकावी तसे ठरत असे, त्यामुळे दोन्ही गट आरंभी समान असत. लॅन्सेटचा निबंध आला तेव्हा या चाचणीच्या स्वतंत्र देखरेख समितीने आपल्याजवळच्या प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदी पाहिल्या आणि चाचणी चालू ठेवण्यास सांगितले. ५ जून रोजी निकाल जाहीर झाला. पुढे प्रसिद्ध झालेल्या अंतिम आकड्यांनुसार औषध दिलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के, आणि न दिलेल्या ३,१५५ रुग्णांपैकी २५ टक्के २८ दिवसांत दगावले. म्हणजे औषधाचा लाभ नाही. परंतु मृत्यू दुप्पट होतात, हे भयंकर चित्रही खरे नव्हते.

काही मंडळी यावर म्हणतात, निष्कर्ष साधारण बरोबरच होता ना, मग एवढा गवगवा कशाला? ज्याने आयुष्यात कधी हिशेब लिहिला आहे त्याने असे म्हणू नये. वर्षअखेरीचा नफा योगायोगाने जुळला म्हणून बनावट बिलांवर उभी केलेली खतावणी खरी ठरत नाही. पुढच्या वर्षी त्याच खतावणीवरून आरंभीची शिल्लक ओढली जाते.

आणि तशी ती ओढली गेलीही. ‘सायन्स’ नियतकालिकाने जानेवारी २०२१ मध्ये सर्जिस्फिअरच्या निबंधांचा आधार घेणारे अलीकडचे २०० लेख पाहिले. त्यांपैकी १०५ लेखांत मागे घेतलेल्या निबंधांचा उपयोग खऱ्या पुराव्यासारखा केलेला होता. न वटलेला चेक परत आल्यावरही लोक तो एकमेकांच्या नावे फिरवीत राहिले, असाच हा प्रकार.

तरीही या प्रकरणात यंत्रणेने तेरा दिवसांत दुरुस्ती केली, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे. याच लॅन्सेटने १९९८ साली गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा, अवघ्या १२ मुलांवरचा निबंध छापला होता. तो मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडले. मधल्या काळात ब्रिटनमध्ये या लसीचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घसरले आणि विस्मृतीत गेलेला गोवर परत आला. त्या निबंधाची छाया आजही आपल्या काही सुशिक्षित घरांतील तरुण मातांच्या मनावर आहे. नातवंडांच्या लसीकरणाचा विषय निघाला की ती हमखास जाणवते.

चांगल्या नियतकालिकांची ही अवस्था, तर फी घेऊन वाटेल ते छापणाऱ्यांची काय सांगावी? लेखकाकडून प्रत्येक निबंधामागे पैसे घेण्याची पद्धत रूढ झाल्यापासून निबंध तयार करून विकणारे कारखाने उभे राहिले. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतील आठ हजारांहून अधिक हिंदावी या एकाच प्रकाशनसंस्थेचे होते. ज्यांची मुले-मुली वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण अथवा पीएच.डी. करीत आहेत, त्यांनी ‘आठ दिवसांत हमखास प्रकाशन’ अशा जाहिरातींकडे फसव्या भिशीच्या जाहिरातींकडे पाहावे तसेच पाहावे.

आपण काय करावे? आपल्यापैकी फार थोडे जण मूळ निबंध वाचणार, हे मान्य. पण काही प्रश्न कोणालाही विचारता येतात. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती माणसांवर? औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठीसारखे ठरले, की ज्यांना आधीच दिले गेले होते त्यांच्या नोंदी मागाहून गोळा केल्या? मूळ नोंदी कोणाच्या ताब्यात आहेत, आणि माल विकणाराच नोंदी ठेवणारा आहे काय? घरात एखादे नवे पूरक औषध आणताना, अथवा दुकानात त्याची वितरणसंस्था घेताना, प्रतिनिधीने पुढे केलेल्या निबंधाबद्दल एवढे विचारले तरी बहुतेक चकचकीत पत्रके गप्प होतात. प्रतिनिधी रागावला तर रागावू द्यावा. उपचार मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नयेत आणि थांबवूही नयेत.

लॅन्सेटने सप्टेंबर २०२० मध्ये आपले नियम बदलले. निबंधाच्या एकापेक्षा अधिक लेखकांनी मूळ नोंदी स्वतः पाहून पडताळल्या आहेत, असे लेखी द्यावे लागते. एखाद्या कंपनीच्या नोंदी असतील, तर पडताळणाऱ्यांपैकी एक जण तरी त्या कंपनीबाहेरचा असावा लागतो.

निबंध मागे घेतला गेला आहे किंवा नाही, हे पाहणे आता कठीण राहिलेले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे ‘पबमेड’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. निबंधाचे इंग्रजी शीर्षक तेथे टाकले की तो मागे घेतला असल्यास तशी ठळक सूचना दिसते. ‘रिट्रॅक्शन वॉच’ या पत्रकारांनी चालविलेल्या उपक्रमाची मागे घेतलेल्या निबंधांची सूचीही २०२३ पासून सर्वांना खुली आहे. घरातील महाविद्यालयात जाणारे कोणतेही मूल हे पाच मिनिटांत पाहून देऊ शकेल. सर्जिस्फिअरच्या नोंदींवरचा लॅन्सेटमधील निबंधही तेथे सापडतो. तो पुसून टाकलेला नाही. मागे घेतल्याच्या शिक्क्यासह जागच्या जागी ठेवला आहे.