ओसरीच्या लाकडास लेप कोणता?

आमच्या धारवाडातील जुन्या घरांच्या ओसरीस सागवानी खांब व कठडे दिसतात. सागाच्या अंगीच तेल असल्याने वाळवी त्याला सहसा लागत नाही; तथापि ऊनपावसापुढे तोही थकतो. उन्हातील अतिनील किरणांनी लाकडातील लिग्निन झिजते व ते करडे पडते.

मग लेप कोणता द्यावा? व्हार्निश झळकते खरे. परंतु लाकूड ओलीने फुगते, उन्हाने आकसते, तेव्हा वरचा थर तडकतो, भेगांतून पाणी शिरते व पापुद्रे सुटतात. जवसाचे उकळलेले तेल मात्र लाकडात मुरते आणि हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल तसे वाळत नाही. उघड्यावरील लाकडासाठी जवसाच्या तेलात थोडा गेरू मिसळावा. त्याचे कण ऊन अडवितात. पावसात या तेलावर बुरशी धरू शकते, म्हणून दर उन्हाळ्यात लाकूड स्वच्छ करून, कोरडे असताना पातळ हात द्यावा व उरलेले तेल पुसून घ्यावे.

एक सावधगिरी मात्र आपण कधीही विसरू नये. तेलाने माखलेली चिंधी चुरगाळून टाकल्यास ती आतून तापत जाऊन आपोआप पेटू शकते. ती पाण्यात बुडवावी किंवा घराबाहेर पसरून वाळवावी. ज्या तेलाने घर राखावयाचे, त्यानेच ते जळू नये!