पाठीवरचे बिऱ्हाड



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्लंडात बावीस वर्षे काढल्यावर मला मोटारीच्या पाठीमागे बिऱ्हाड बांधून हिंडणारी माणसे पुष्कळ भेटली, आणि पुढे मीही त्यांच्यात सामील झालो. या बिऱ्हाडाला तिकडे कॅरॅव्हॅन म्हणतात. चाकांवरची एक खोली. तीत बिछाने, शेगडी, मोरी, शौचकूप. तिला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीने ओढत न्यावयाची, समुद्रकाठच्या किंवा डोंगरातल्या तळावर उभी करावयाची आणि मोकळी मोटार घेऊन मुलांसह आसपासचा मुलूख पाहावयाचा. आज येथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे मुलगे, मुली, पुतणे तिकडे संसार करीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या पत्रातून किंवा फोनवर 'कॅरॅव्हॅन घेतोय' असे म्हणाला, तर त्याला काय विचारावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा शौक तिकडे जुना आहे. गॉर्डन स्टेबल्स या आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने 1885 साली 'वाँडरर' नावाची गाडी ब्रिस्टलमध्ये बांधून घेतली. दोन घोडे ती ओढीत. डॉक्टरसाहेबांचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाई आणि एवढे धूड जाण्याजोगी वाट आहे की नाही, ते पाहून ठेवी. पुढे 1907 साली या शौकिनांचा क्लब निघाला, 1919 च्या सुमारास मोटारीने ओढण्याच्या कॅरॅव्हॅन बाजारात आल्या, आणि घोडे गेले. घोड्यांबरोबर तो सायकलवाला नोकरही गेला, हे मात्र वाईट झाले. तो असता तर आमचे पुष्कळ पैसे वाचले असते.

ग्रेट ब्रिटनमध्ये 16 डिसेंबर 2021 पर्यंत असा नियम होता की, 1997 नंतर मोटारीचा परवाना काढलेल्या माणसाला जड कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी निराळी परीक्षा द्यावी लागे. ती अट त्या दिवशी उठली आणि साध्या परवान्यावर साडेतीन टन वजनापर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. परीक्षा गेली, पण परीक्षेच्या निमित्ताने मिळणारे ज्ञानही गेले. 2022 च्या वसंत ऋतूत आम्ही उभयता एका प्रदर्शनाला गेलो. एका कॅरॅव्हॅनमध्ये मागच्या बाजूला मुलांसाठी एकावर एक असे दोन पाळण्यासारखे बिछाने होते. मुले त्यांत चढून बसली आणि उतरावयास तयार होईनात. विक्रेत्याला मी एकच प्रश्न विचारला, "आमची मोटार ही ओढील का?" तो म्हणाला, "सहज ओढील."

तो खोटे बोलला नाही. चूक प्रश्नात होती. ओढणे निराळे आणि आवरणे निराळे.

बैलगाडी भरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. ओझे आखाच्या मागे गेले की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार पुढे भरले तर सगळा भार मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान जड पोती आखावर ठेवतो आणि किंचित भार जुवाकडे राहू देतो. कॅरॅव्हॅनचे शास्त्र तंतोतंत हेच आहे. मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर कॅरॅव्हॅनचे नाक टेकते. भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या शेकडा 5 ते 7 इतका भार त्या नाकावर असावा, असा तिकडचा दंडक आहे. भार कमी पडला तर कॅरॅव्हॅनचे शेपूट डावीउजवीकडे डोलू लागते, आणि वेग जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. ओढणाऱ्या मोटारीचे वजन कॅरॅव्हॅनहून पुरेसे अधिक असेल तर ती हा हेलकावा जिरवते. नसेल तर शेपूटच कुत्र्याला हलवू लागते.

आता आमचे आकडे पाहा. मोटारीचे स्वतःचे वजन 1,450 किलो. कॅरॅव्हॅनचे पूर्ण भरल्यावरचे कमाल वजन 1,500 किलो. नवशिक्याने मोटारीच्या वजनाच्या शेकडा 85 पेक्षा जड कॅरॅव्हॅन घेऊ नये, असा तिकडच्या क्लबांचा सल्ला असतो. म्हणजे आमची मर्यादा सुमारे 1,230 किलो होती. हा कायदा नव्हे, सल्ला आहे. मोटार बनविणाऱ्याने ओढण्याची मर्यादा 1,500 किलो लिहिली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण मोटारीच्या दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली धातूची एक पाटी असते, तिच्यावर चार आकडे असतात. पहिला भरलेल्या मोटारीचे कमाल वजन, दुसरा मोटार आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल वजन, उरलेले दोन पुढच्या व मागच्या आखाचे. आमच्या पाटीवर पहिला आकडा 1,950 आणि दुसरा 3,300. वजाबाकी करा: 1,350. म्हणजे मोटार माणसांनी आणि सामानाने भरली असता मागे 1,350 किलोच चालतील. मी इंजिनियर आहे, पण ही वजाबाकी मी खरेदीनंतर चार महिन्यांनी केली! तोवर आम्ही नकळत कायदाही मोडत होतो. आणि मोटारीच्या गोळ्याची मर्यादा होती 75 किलो. 1,500 चे शेकडा 5 म्हणजे बरोबर 75. इकडे रेसभर जागा नाही, तिकडेही नाही.

त्यात आपली सामान भरण्याची रीत. रिकामी कॅरॅव्हॅन आणि तिचे कमाल वजन यांत साधारण दीडशे किलोंचा फरक असतो. तेवढ्यात गॅसची टाकी, कापडी मांडव, खुर्च्या, कपडे, भांडी सगळे बसवावयाचे. पाण्याचा 40 लिटरचा पिंप भरून नेला की 40 किलो तिथेच गेले. म्हणून पाणी तळावर पोचल्यावर भरतात. आम्ही कुकर, पोळपाट आणि दहा किलो तांदूळ घेतले होते, आणि जागा होती म्हणून ते मुलांच्या बिछान्यांखाली, अगदी मागे, ठेवले होते.

जुलैत डेव्हनकडे जाताना एम-5 या हमरस्त्याच्या उतारावर आम्ही ताशी 55 मैलांनी चाललो होतो. एक उंच प्रवासी बस शेजारून पुढे गेली. तिने ढकललेल्या हवेने कॅरॅव्हॅन प्रथम बाहेर लोटली गेली, मग आत ओढली गेली, आणि डोलू लागली. आरशात ती कधी डाव्या बाजूला दिसे, कधी उजव्या. अशा वेळी ब्रेक दाबावयाचा नसतो, चाकाशी झटापट करावयाची नसते. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलावयाचा आणि चाक सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावयाचा. हे मला ठाऊक होते म्हणून नव्हे, तर हातपाय गळाले म्हणून मी तसे केले. मागच्या आसनावर दोन मुले होती. पत्नी त्यानंतर तासभर बोलली नाही.

दुसरे प्रकरण घरापुढे घडले. तिकडे घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत फरसबंद पट्टा असतो, त्याला ड्राइव्हवे म्हणतात. आमच्या फाटकाच्या खांबांत अंतर 2.6 मीटर, आणि कॅरॅव्हॅनची रुंदी 2.3. कागदावर जाते! पण गल्ली पाच मीटरची, समोर शेजाऱ्यांच्या मोटारी उभ्या, आणि सात मीटरांहून लांब वस्तू काटकोनात वळवावयाची. पाऊण तास आम्ही सबंध गल्ली अडवून होतो. शेवटी पाच शेजाऱ्यांनी हातांनी ढकलून ती आत घातली, तेव्हा असे दिसले की इंग्लंडातल्या कॅरॅव्हॅनचे दार बहुधा डाव्या अंगाला असते आणि आमच्या डाव्या अंगाला भिंत होती. आत जाण्यासाठी दार उघडेना. पंधरवड्याने पत्र आले. आमच्या वसाहतीतील घरांच्या खरेदीखतात घरापुढे कॅरॅव्हॅन उभी करू नये अशी अट होती. अशी अट तिकडच्या पुष्कळ नव्या वसाहतींत असते. खरेदीखतावर सही मीच केली होती. मग भाड्याच्या आवारात जागा घ्यावी लागली, आणि वर्षाच्या आत ती कॅरॅव्हॅन तोट्याने विकली.

दुसरी आम्ही 2023 साली घेतली, ती उलट्या बाजूने सुरुवात करून. तोवर आम्ही अशी अट नसलेल्या घरात राहावयास गेलो होतो. खरेदीखत या वेळी आधी वाचले. मग टेप घेऊन मोजमाप: खांबांतले सर्वांत कमी अंतर, वरून येणाऱ्या फांद्या, गटाराची झाकणे. ड्राइव्हवे रस्त्याला जेथे मिळतो तेथे चढ एकाएकी सुरू होत असेल, तर कॅरॅव्हॅनचे शेपूट जमिनीला घासते, तेही पाहिले. जाहिरातीत कधी नुसत्या खोलीची लांबी देतात. पुढच्या ओढदांड्यामुळे ती आणखी मीटरभर वाढते, म्हणून एकूण लांबी विचारावी. पत्नीने फरशीवर 6 मीटर बाय 2.2 मीटरचा आयत रांगोळीने काढला आणि दार उघडण्याची बाजू ठिपक्यांनी दाखविली. शेजारीण विचारीत होती की, आज कोणता सण?

मग मोटारीची पाटी, आणि सर्वांत शेवटी बिछाने. दोन आखांच्या, म्हणजे चार चाकांच्या कॅरॅव्हॅन हमरस्त्यावर स्थिर चालतात, पण अरुंद जागेत हाताने वळत नाहीत. म्हणून आम्ही एका आखाची घेतली. तिच्या चाकांना विजेची एक मोटर जोडता येते, ती कॅरॅव्हॅनला जागच्या जागी फिरवते. तिचे तीसएक किलो मात्र सामानातून वजा करावे लागतात. विजेवर चालणारी मोटार असेल त्याने आधी हे पाहावे की, तिला मागे काही ओढण्याची परवानगी तरी आहे काय. पुष्कळ लहान मोटारींना नसते, आणि ज्यांना असते त्या एका चार्जमध्ये एरवीच्या सुमारे निम्मेच अंतर जातात. जुनी कॅरॅव्हॅन घेताना भिंतीतला ओलावा यंत्राने मोजून घ्यावा. शेकडा 20 च्या वर आकडा गेला तर परत फिरावे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यांचे वय पाहावे.

ही दुसरी कॅरॅव्हॅन चौघांची आहे, भरल्यावरचे कमाल वजन 1,200 किलो. मुलांना वरखाली बिछाने नाहीत. रात्री जेवणाचे मेज खाली पाडून त्यावर गाद्या घालाव्या लागतात, त्याबद्दल धाकटा अजून कुरकुरतो. पहिल्या सफरीला निघण्यापूर्वी आम्ही ती सगळ्या सामानासकट वजनकाट्यावर नेली. काट्याने 1,168 दाखविले. त्यात पाच किलो तांदूळ होते, आणि ते बरोबर आखावर ठेवले होते.