चाकूची मूठ रंगवायची म्हणता?

विटलेल्या परकराला पुन्हा साडीशी जुळता करणे, जुन्या पडद्यांना रंग देणे हे उद्योग आपल्यापैकी पुष्कळजणींनी कधी ना कधी केलेले असतात. मोठे पातेले, रंगाची पुडी, मूठभर मीठ आणि ढवळायला एक दांडका, की झाले काम! पण चाकूची मूठ रंगवायची म्हटले की भल्याभल्या थबकतात. चाकू ही काय रंगवायची वस्तू आहे, असेही कुणी म्हणेल.

तसे वाटत असेल तर आमच्या पनवेलच्या आयांना विचारा. पावसाचा जोर ओसरला की दर रविवारी पोरे पाठीला पिशव्या लावून कर्नाळ्याला, नाही तर प्रबळगडाला निघतात. हल्ली पोरीही जातात, आणि जाव्यातच. प्रत्येकाच्या पिशवीत एक घडीचा चाकू असतो, दोरी कापायला, पाकीट फोडायला. सगळ्यांच्या मुठी त्याच राखाडी, नाही तर मातकट रंगाच्या. गवतात पडला की दिसत नाही, आणि घरी येतो तो भलत्याच मित्राचा. मग "आई, माझ्या चाकूची मूठ केशरी करून दे ना" अशी भुणभुण सुरू होते. ऑइलपेंट लावून पाहाल तर थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे निघतात. सतत घामट हातात असणाऱ्या वस्तूवर रंग नुसता वर बसून भागत नाही, तो आत मुरावा लागतो.

आता तो मुरेल की नाही हे सर्वस्वी मूठ कशाची आहे यावर अवलंबून. "प्लॅस्टिकची" हे उत्तर पुरेसे नाही, बरे का! प्लॅस्टिक हे नुसते आडनाव झाले. त्या आडनावाखाली नायलॉन आहे, एबीएस आहे, पॉलिप्रॉपिलीन आहे, बेकेलाइट आहे, आणि जुन्या वस्तूंत सेल्युलॉइडही आहे. एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवत नाही. तेव्हा घाईने गॅस पेटवू नका.

घरी रंगवण्याजोगी मूठ म्हणजे नायलॉनची. हे नायलॉन अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली तयार केले. आपल्याकडे गोरेगावच्या निरलॉनचा आणि पिंपरीच्या गरवारे नायलॉन्सचा धागा पुढे बाजारात आला. त्या वेळच्या नायलॉनच्या साड्या आठवतात? दोरीवर टाकली की बघता बघता वाळायची, आणि रंग कसे झगझगीत! त्या झगझगीतपणाचे कारणच आपल्या कामाचे आहे. नायलॉनची घडण काही बाबतीत लोकर आणि रेशमासारखी आहे. पाणी थोडे आंबट केले की त्याच्या अंगात रंगाला धरून ठेवणाऱ्या जागा तयार होतात. म्हणून लोकरीला आणि रेशमाला चालणारे 'ॲसिड' रंग नायलॉनलाही चालतात. नावाला घाबरू नका. रंग आंबट पाण्यात द्यायचा म्हणून ते नाव, आणि आंबटपणासाठी स्वयंपाकघरातले पांढरे व्हिनेगर पुरते. सुती कपड्याच्या रंगाच्या पुडीचा मात्र इथे भरवसा धरू नका.

दुसरे रंग आहेत ते 'डिस्पर्स' जातीचे, म्हणजे पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम कपड्यांचे. तेही नायलॉनला लागतात. पॉलिएस्टर स्वतः मात्र मोठे हट्टी. कारखान्यात ते दाबाखाली १३० अंशांच्या आसपास तापवून रंगवतात, तेव्हा कुठे रंग आत शिरतो. पनवेलजवळ पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना १९८२ साली सुरू झाला. तेव्हापासून आपली कपाटे त्या धाग्याने भरली आणि घरी साडी रंगवण्याची हौस मागे पडली, ती याच हट्टीपणापायी.

रंगही पनवेलला परके नाहीत. पेणकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की सोमाटण्याच्या पुढे रसायनी स्टेशन लागते. या रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. कंपनी १९६० साली स्थापन झाली ती रंग आणि औषधे बनवणाऱ्यांना लागणारा कच्चा माल देशातच तयार व्हावा म्हणून. त्यात ॲनिलिन हे मुख्य. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचे क्विनीन बनवायला गेला आणि ॲनिलिनपासून त्याच्या हाती लागला जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून सुरू झाला. रसायनीतले बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ साली घेतला, स्टेशनाचे नाव तेवढे राहिले. हे सांगण्याचे कारण असे, की ॲनिलिन हे विषारी द्रव्य आहे, आणि त्याच्या गोतावळ्यातले सगळेच रंग काही निरुपद्रवी नसतात. बेंझिडीनपासून बनणारे ४२ रंग आपल्या सरकारने १९९३ साली आणि आणखी ७० ॲझो रंग १९९७ साली बंद केले, कारण त्यांच्यामुळे कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून बिननावाची सुटी पुडी, कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. पुडीवर कंपनीचे नाव, रंगाची जात आणि कोणत्या कापडाला चालतो ते छापलेले हवे.

आता ओळखायचे कसे ते पाहू. सर्वांत आधी चाकूबरोबर आलेला कागद शोधा, किंवा मुठीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरे आहेत का पाहा. 'पीए' म्हणजे नायलॉन. 'एफआरएन' किंवा 'जीएफएन' म्हणजे काचेचे धागे घातलेले नायलॉन. घडीच्या नव्या चाकूंना बहुधा हेच असते. 'एबीएस' असेल तर गरम पाण्याच्या वाटेला जाऊ नका, कारण ते उकळत्या पाण्याच्या आसपास मऊ पडून वाकडे होते. कागद नसेल आणि मुठीच्या पट्ट्या सुट्या होत असतील तर एक पट्टी पाण्यात टाका. तरंगली तर ती पॉलिप्रॉपिलीनची किंवा तशाच जातीची. तिला रंग धरायला जागाच नसते, तेव्हा विषय तिथेच संपला. बुडाली म्हणून मात्र ती नायलॉनचीच असे नव्हे, कारण एबीएसही बुडते. तपकिरी-काळी, टणक, वाजवली तर खणखणणारी जुनी मूठ बहुधा बेकेलाइटची. ती आहे तशीच छान दिसते. आणि कुणी परदेशातून आणलेला लाल मुठीचा स्विस चाकू असेल तर त्याला हात लावू नका. त्याची ती तुकतुकीत मूठ सहसा सेल्युलोजपासून केलेल्या प्लॅस्टिकची असते, गरम पाण्यात तिची रया जाते.

सेल्युलॉइडबद्दल मात्र नीट ऐका. शेजारच्या वहिनींकडे त्यांच्या सासऱ्यांचा जुना चाकू आहे, हस्तिदंतासारख्या मुठीचा. सासरे गेल्यावर तो डब्यात पडून पिवळा पडला, मुठीला बारीक तडे गेले. वर्षश्राद्धाच्या आधी तो उजळ करून दिरांना दाखवावा, असे वहिनींच्या मनात. रंगाची पुडीसुद्धा आणून ठेवली होती. मी म्हटले, वहिनी, आधी ती मूठ कोरड्या फडक्याने खसाखसा घासा आणि वास घ्या. घासली, तर देवघरातल्या कापराचा वास! म्हणजे सेल्युलॉइड. त्यात कापूर असतोच. हे प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ पडते आणि ज्योतीजवळ गेले तर भडकन पेटते, इतके की जुन्या सिनेमाच्या फिती याच कुळातल्या असल्याने जळून जायच्या. ती मूठ पातेल्यात गेली असती तर घरात सासऱ्यांच्या हातची उरलेली ती एक वस्तू वेडीवाकडी होऊन बाहेर आली असती. शिवाय म्हातारे झालेले सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडते, त्याने स्वतःच्या पात्याला आणि शेजारच्या चाकू-कात्र्यांनाही गंज धरतो. वहिनींच्या चाकूचे पातेही नेमके मुठीलगतच गंजले होते. आता तो डब्यातून काढून कपाटाच्या वरच्या फळीवर, हवेशीर, एकटा ठेवला आहे. पिवळा आहे तसाच. दिरांनी लगेच ओळखला. म्हणूनच सांगते, तापवलेली सुई टोचून प्लॅस्टिक ओळखण्याची युक्ती कुणी सांगितली तरी जुन्या मुठीवर ती करू नका.

मूठ नायलॉनची आहे याची खात्री पटली की पुढचे काम सोपे. पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील तरच हात घाला. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि स्क्रू वाटीत, नाही तर ते हमखास कॉटखाली जातात. रिव्हेट मारलेला चाकू अख्खा पाण्यात बुडवू नका. गरम पाण्याने पात्याचे पाणी उतरते असे म्हणतात, ते काही खरे नाही, पोलादाला त्याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. खरा शत्रू म्हणजे सांध्यात शिरलेले आंबट पाणी. आपल्या दमट हवेत ते आतल्या आत स्प्रिंग गंजवते.

पट्ट्या भांड्याच्या साबणाने घासून त्यांचा तेलकटपणा काढा. खरखरीत कागदाने घासू नका, काचेच्या धाग्यांचा चुरा हातात शिरला की दिवसभर खाज सुटते. पातेले स्टीलचे किंवा एनॅमलचे, आणि स्वयंपाकातून कायमचे बाद केलेले घ्या. ॲल्युमिनियमला व्हिनेगर चालत नाही. एक लिटर पाण्याला अर्धा चहाचा चमचा रंग आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर पुरे. रंग आधी थोड्या गरम पाण्यात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या राहणार नाहीत. पुडी फोडताना पंखा बंद, नाकाला रुमाल, हातात रबरी मोजे, आणि लहान मुले दुसऱ्या खोलीत. खिडकी मात्र उघडी.

पट्ट्या जाड दोऱ्यात ओवून पाण्यात लोंबत्या ठेवा, तळाला टेकू देऊ नका. आच मंद. तळाशी बुडबुडे धरताहेत, वाफ येते आहे, पण खळखळून उकळी नाही, इतपत पाणी गरम हवे. थर्मामीटर असेल तर ऐंशी ते नव्वद अंश. पहिल्यांदा एकच पट्टी पाचेक मिनिटे बुडवून पाहा. आतली बाजू रंग धरत असेल तर दोन्ही सोडा, आणि वीस-तीस मिनिटांत मनासारखी छटा येईल. ओली पट्टी गडद भासते, तेव्हा हवी त्याहून किंचित गडद झाल्यावरच बाहेर काढा. गरम पट्टी लवचीक असते, पिळू-वाकवू नका, पाण्यातच कोमट होऊ द्या.

रंगाची निवड करताना एवढे ध्यानात ठेवा, की हा रंग पारदर्शक असतो. खालचा रंग झाकला जात नाही, त्यात मिसळतो. पांढऱ्या किंवा हस्तिदंती मुठीवर काहीही खुलते. राखाडीवर केशरी दिला तर विटकरी होतो, निळा आणि जांभळा छान बसतात. मातकट हिरव्यावर लाल म्हणजे तपकिरी. काळ्या मुठीवर काहीच नाही, आणि ती फिकी करायला ब्लीचिंग पावडर वापराल तर नायलॉनच कमकुवत होईल. काचधाग्याच्या मुठीवर रंग थोडा ठिपक्याठिपक्यांचा येतो. मला तो आवडतो, पण एकसारखा हवा असेल तर आधीच सांगितलेले बरे.

मग गार पाण्याखाली धुवा, साबणाने धुवा, पुन्हा धुवा. ओले पांढरे फडके जोरात घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर धुणे अजून संपलेले नाही. नायलॉन पाणी पिऊन किंचित फुगते, म्हणून पट्ट्या सावलीत चोवीस तास तरी वाळू द्या आणि मगच स्क्रू आवळा. सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. रंग वरच्या पातळ थरातच असतो, दगडावर खरचटले की खालचा मूळ रंग डोकावणारच.

स्वयंपाकघरातल्या सुरीची मूठ मात्र रंगवू नका. ती रोज लिंबात, गरम पाण्यात, ओल्या हातात असते, आणि कपड्याचा रंग पोटात जाण्यासाठी केलेला नसतो. डोंगरावर फळे कापायचा चाकूही वेगळा, बिनरंगी ठेवायला मुलांना सांगा.

राहता राहिले पातेल्यातले पाणी. ते तुळशीला नको, झाडांना नको, वडाळे तळ्यात तर मुळीच नको. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याला निळी झालेली भटकी कुत्री सगळ्या देशाने फोटोत पाहिली. एका कारखान्याचा रंग कासाडी नदीत सोडला जात होता, आणि बोभाटा झाल्यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. आपले पाणी लिटरभरच असते, तरीही पुडीतला रंग मोजून घ्या म्हणजे उरणारच नाही. नायलॉन रंग शोषून घेते, आणि शेवटी पाणी पुष्कळसे फिके होते. ते शौचालयात ओतून वर दोन बादल्या पाणी टाका. उरलेली पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत, वर ठळक नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. आणि होळीला ती कुणाच्या हाती पडणार नाही एवढे बघा.